शुक्रवारी सहा दहाचा कॉल

लंडनमधल्या तीन कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या नगरपालिकांनी, मिळून एकच कंट्रोल रूम चालवायची असं ठरलं, त्याला नऊ वर्षं झाली. काम तसं साधं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक लाल बटण असतं. ते दाबलं की घरातल्या स्पीकरच्या खोक्यातून कॉल इथे येतो आणि इथला माणूस विचारपूस करून त्या घरी मदतनीस नाहीतर अँब्युलन्स पाठवतो. पण एकाच्या जागी तीन कौन्सिलं आली की साधं काम साधं राहत नाही. पहिलं वर्ष लेटरहेडवर कुणाचं बोधचिन्ह आधी छापायचं यात गेलं. शेवटी दर तीन महिन्यांनी क्रम बदलायचा असा तोडगा निघाला, आणि तो काढणाऱ्या साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

तिन्हींची मिळून एक जॉइंट कमिटी होती. ती वर्षातून चारदा भरायची आणि तिच्यासमोर एक कागद जायचा. प्रत्येक कॉल संपला की घेणाऱ्याने त्याला एक कोड द्यायचा असे: पडले, आजारी, चुकून दाबलं, गप्पा, टेस्ट. कमिटीला त्या कागदावर माणसं दिसत नसत, कोडांचे आकडे दिसत. त्यातला 'गप्पा' हा आकडा कमिटीच्या डोळ्यांत खुपायचा. महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा कुणी नुसतं बोलायला बटण दाबलं तर त्याला पत्र जायचं, आणि तीन पत्रं झाली की बटण परत घ्यायचं का, याचा विचार व्हायचा. 'टेस्ट' मात्र त्या कागदावर येतच नसे. महिन्यातून एकदा बटण दाबून ते चालतंय का बघा, असं कंट्रोल रूमच सगळ्यांना सांगायची. मग टेस्टबद्दल तक्रार कोण करणार?

सॅली अष्टमकर तिथे रविवार ते गुरुवार दुपारच्या पाळीला असायची. शुक्रवार-शनिवार तिने नोकरीला लागतानाच मागून घेतले होते. ती बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, ठाण्यात जन्मलेली, अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर लंडनला आलेली, आणि आता अठ्ठावन्न वर्षांची. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, ती काटेकोर पाळायची असं नाही. पण आई होती तोवर शुक्रवारी संध्याकाळी दोघी मिळून मेणबत्त्या लावत, आणि आई गेल्यावरही तो दिवस दुसऱ्या कशाला द्यायला तिचं मन होईना. नवऱ्याशी फारकत होऊन वीस वर्षं झाली होती. मुलगी टालिया मँचेस्टरला. ती दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायची, अगदी नेमाने, दात घासल्यासारखा. टालियाला मराठीतलं 'आजी' आणि 'पुरे' एवढंच येत होतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी पिनरच्या घरात आईने डोळे मिटले त्या दिवशी सॅलीचं मराठी बोलणंही बंद पडलं. बंद पडलं हे तिला तेव्हा कळलंसुद्धा नाही. कधीतरी बसमध्ये मागच्या सीटवर पुण्याची आयटीवाली दोन पोरं बोलत असली की ती आपल्या स्टॉपवर न उतरता एक स्टॉप पुढे जायची, इतकंच.

ज्ञानेश्वर हळबे यांचा पहिला कॉल जूनमधला, संध्याकाळी सहाचा. एजवेअरच्या फ्लॅटमध्ये एकटे, चौऱ्याऐंशी वर्षांचे, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, एवढं सॅलीला स्क्रीनवर दिसत होतं. पाण्याच्या कंपनीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि इंग्रजी असं की ऐकणाऱ्याने खुर्चीत सरळ बसावं.

"हळबे बोलतोय. एच, ए, एल, बी, ई," ते इंग्रजीत म्हणाले. "सूचनेप्रमाणे टेस्ट करतो आहे."

"थँक यू, मिस्टर हळबे. सगळं व्यवस्थित चालू आहे," सॅलीनेही इंग्रजीत सांगितलं.

लाइन बंद व्हायच्या आत ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "चला, महिन्याभराची ब्याद गेली."

"गेली कसली? पुढच्या महिन्यात आहेच की परत," सॅली बोलून गेली.

पलीकडे खुर्ची खोक्याजवळ ओढल्याचा आवाज आला. मग, "कोण बोलतंय?"

"सॅली. केअरलाइनमधली. मघाचीच."

"तुम्ही मराठी?"

"मग! ठाण्याची."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? मी उगाच एच, ए, एल करत बसलो."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा त्यांचा कॉल आला. बटण जरा सैल वाटतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी खोक्यावरचा हिरवा दिवा फिकट वाटत होता. चौथ्या दिवशी त्यांनी कारण शोधायचा त्रासच घेतला नाही. "काय जेवलात?" असं थेट विचारलं, आणि सॅलीने हातातलं सँडविच बाजूला ठेवून काय जेवायला आवडलं असतं ते सांगितलं.

बोलणं पाच-सात मिनिटांचं. ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून त्यांनी कडवे वाल आणलेले असत. ते भिजत घातले, मोड आले, सोलले, असं तीन दिवस पुरायचं. बिरड्यात नारळाचं दूध घालायचं की नुसतं खोबरं, यावर तर त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. सॅलीचे शब्द अडायचे. "ते काय म्हणतात, तांदूळ धुवून ठेवतात ते, होल्सवालं," ती म्हणायची आणि पलीकडून "रोवळी!" असा आनंदाने आवाज यायचा. आईच्या तोंडचा शब्द कुणीतरी परत आणून हातावर ठेवायचं. ती त्यांना हळबेकाका म्हणू लागली, ते तिला सॅलीबाई. ती कॉल संपवताना कोड टाकायची, 'गप्पा'. खरं तेच टाकायची.

ऑगस्टच्या शेवटी हळबेकाकांना पत्र गेलं. त्यांनी ते तिला वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून, कोर्टात वाचावं तसं. "'अयोग्य वापर' असं लिहिलंय हो यांनी. आजवर मला कुणी अयोग्य म्हटलं नव्हतं. आमची ही, मंजिरी, तीसुद्धा रागावली तर 'हट्टी' म्हणायची. जाऊ दे. उद्यापासून मी दाबणार नाही."

आणि खरंच दाबलं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सहा वाजले की सॅली स्क्रीनकडे बघत बसायची. कॉल यायचे. कुणाची गोळी खाली पडलेली, कुणाची मांजर आत येत नसलेली. ती सगळ्यांशी नीट बोलायची आणि घरी जाऊन अंथरुणात पडल्यावर दिवसभरात आपण आपल्या भाषेत एक अक्षर बोललो नाही हे मोजत बसायची. पाचव्या दिवशी तिने स्वतः त्यांच्या खोक्याला कॉल लावला. कंट्रोल रूममधून तसा लावता येतो; कारण मात्र द्यावं लागतं.

"काका, बटण चालतंय ना, ते बघायचं होतं."

"चालत असणार. मी दाबत नाही ना आता."

"दाबा. रोज सहाला दाबा. मी टेस्ट म्हणून लिहीन. टेस्ट कमिटीला दिसत नाही."

"खोटं लिहिणार?"

"खोटं कसं? तुम्ही धडधाकट आहात का, याची टेस्ट."

ते हसले. बऱ्याच वेळाने हसावं तसे, घसा खरवडत. ठरलं. रविवार ते गुरुवार, सहाला. शुक्रवार-शनिवार ते बटणाला हात लावत नसत. "तुमचा सण असतो," ते म्हणायचे, "मी कशाला मध्ये?"

सॅलीच्या शेजारच्या टेबलाला क्लोई बसायची. तेवीस वर्षांची, गोड पोरगी, कामाला चोख. सॅली चहा करायला उठलेली असताना कधी हळबेकाकांचा कॉल क्लोईकडे लागला तर ती दोन मिनिटं ते मराठी बोलणं कौतुकाने ऐकायची आणि ओरडायची, "सॅली, तुझा मित्र!" एकदा तिने विचारलं होतं, की तू नसताना आला तर याला कोड काय देऊ? सॅली म्हणाली होती, "टेस्ट टाक. तो रोजच असतो." म्हणताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी सॅलीने पावणेपाचला मेणबत्त्या लावल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी ती टीव्हीसमोर बसून मांडीवर वाडगा घेऊन सूप पीत होती. पुढे फार दिवस तिला ते सूप आठवत राहिलं.

रविवारी ती कामावर आली तर क्लोईची खुर्ची रिकामी. मॅनेजर जेरेमीने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. जेरेमी तसा भला माणूस, पण तीन साहेबांच्या हाताखाली राहून त्याला कुठलंही वाक्य पूर्ण न करायची सवय लागली होती.

"तुझे ते मिस्टर हळबे," तो इंग्रजीत म्हणाला. "शुक्रवारी पडले. स्वयंपाकघरात. म्हणजे… बटण दाबलं होतं त्यांनी. क्लोईने कॉल घेतला. टेस्ट म्हणून बंद केला. शनिवारी सकाळी दहाला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पोलिसांना… सोळा तास, सॅली. लादीवर."

"आहेत ना?"

"आहेत. खुब्याचं हाड. किडन्यांचंही काहीतरी. हॉस्पिटलमध्ये आहेत."

क्लोईला घरी बसवलं होतं. तिन्ही कौन्सिलांचे तीन अधिकारी चौकशीला येणार होते आणि दोन आठवड्यांनी जॉइंट कमिटीची खास बैठक. नऊ वर्षांत खास बैठक ही पहिलीच.

"कॉलचं रेकॉर्डिंग आहे," जेरेमी म्हणाला. "पण ते तुमच्या भाषेत बोललेत. भाषांतराच्या एजन्सीकडे तीन आठवडे माणूस नाही. तू करशील का? अगदी शब्दशः नको. सारांश चालेल. आवाज तसा लांबूनच येतोय. नीट ऐकू येत नसेल तर… 'अस्पष्ट' लिहिलंस तरी कुणाची हरकत नाही. म्हणजे उपकरणाचा प्रश्न होईल तो. माणसांचा नाही."

त्याच्या बोलण्याचा अर्थ न कळायला सॅली काही कालची नव्हती. 'अस्पष्ट' म्हटलं की क्लोई सुटणार, जेरेमी सुटणार, तिन्ही कौन्सिलं खोकं बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडून मोकळी होणार. आणि सॅलीच्या त्या रोजच्या टेस्ट कुणी उकरून काढणार नाही. मराठी ऐकून खरं-खोटं करणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

तिने हेडफोन लावले.

आवाज लांबून येत होता हे खरं. पण अस्पष्ट अजिबात नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस लादीवर पडून शक्य तितक्या स्वच्छ आवाजात बोलत होता.

"सॅलीबाई? नाहीत का? हो, खरंच की, आज शुक्रवार. अहो, कोण आहे तिथे? मी पडलोय. स्वयंपाकघरात. कमरेत काहीतरी मोडलंय बहुतेक. उठता येत नाही मला. कुणाला तरी पाठवा. दाराची कडी लावलीय, ती मी काढायला बघतो."

मग क्लोईचा हसरा आवाज, इंग्रजीत. "हॅलो मिस्टर हळबे! छान, छान, ऐकू येतंय सगळं. सॅली आज नाही हं, रविवारी येईल. टेक केअर!"

आणि मग ते म्हणाले, "थँक यू."

लाइन बंद.

सॅलीने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकवेना. आपला निरोप पोचला असंच त्यांना वाटलं होतं. माणसं येतील म्हणून ते कडी काढायला सरपटत निघाले, आणि वाटेत गळ्यातल्या बटणाची दोरी खुर्चीच्या पायात अडकून तुटली, असं पोलिसांच्या कागदात होतं. बटण मागे राहिलं. दारही गाठता आलं नाही.

चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेला माणूस. कचऱ्याच्या डब्यांवरून कौन्सिलला इंग्रजीत दोन-दोन पानी पत्रं लिहिणारा. जूनमध्ये पडला असता तर त्याने त्या खोक्याला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं असतं आणि वीस मिनिटांत दाराशी गाडी आली असती. पण खोक्याशी मराठी बोलायचं, ही सवय त्याला सॅलीने लावली होती. आणि त्या घरातून मराठी ऐकू आलं की ती टेस्ट असते, ही सवय तिने क्लोईला लावली होती. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूनेही तीच. मध्ये सोळा तास.

कशासाठी? म्हाताऱ्यावर दया म्हणून? सॅलीने मनाशी खोटं बोलायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. ते तर बटण दाबायचे थांबले होते. कॉल तिने लावला होता. सहा वाजता कुणीतरी हवं होतं ते तिला.

तिने टाइप करायला घेतलं. प्रत्येक शब्द लिहिला. स्वतःचं नाव आलं तिथे नाव लिहिलं. त्याखाली आणखी एक परिच्छेद घातला, की ऑगस्टपासूनच्या एकशे नऊ टेस्ट या टेस्ट नव्हत्या, आणि क्लोईने जे केलं ते मी शिकवलं म्हणून केलं. जेरेमीने कागद वाचला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "याची गरज नव्हती," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने वाक्य पूर्ण केलं.

खास बैठक त्या वर्षी अध्यक्षपद ज्या कौन्सिलाकडे होतं त्याच्या सभागृहात भरली. पहिली वीस मिनिटं एजवेअरचा तो फ्लॅट नक्की कुणाच्या हद्दीत येतो यावर गेली. रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची, आणि मागची गल्ली तिसऱ्याची. हळबेकाका सोळा तास कुणाच्या जमिनीवर पडले होते, याचा निकाल लागल्याशिवाय कुणाला वाईट वाटायची सोय नव्हती. सॅली मागच्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसली होती. क्लोई आईबरोबर दुसऱ्या टोकाला. तिने सॅलीकडे पाहिलं नाही.

मग सॅलीला पुढे बोलावलं. नीना नावाच्या एक काउन्सिलर होत्या, पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या. त्यांनीच विचारलं.

"या एकशे नऊपैकी खरोखरच्या टेस्ट किती?"

"एकही नाही."

"त्यांनी तुम्हाला तसं लिहायला सांगितलं होतं?"

"नाही. मी त्यांना सांगितलं."

"का?"

सॅलीने घरून चांगलं उत्तर तयार करून आणलं होतं. वृद्धांचा एकटेपणा, सेवेचा हेतू, असं काहीतरी. ते तोंडातून निघालंच नाही. "मला बोलायला कुणी नव्हतं," ती म्हणाली.

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. काउन्सिलर नीनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टिपणं घेणाऱ्या कारकुनाने लिहिलं, की संबंधित कर्मचाऱ्याच्या म्हणण्यानुसार सदर कॉल सामाजिक स्वरूपाचे होते.

निकाल फार कडक लागला नाही. नऊ वर्षांची नोकरी, पहिली चूक, स्वतःहून कबुली. शिवाय तिच्या पाळीला माणूस मिळत नव्हता. तिला शेवटची लेखी ताकीद मिळाली. क्लोईवरचा ठपका काढून टाकला. ज्यांच्या घरी बटण आहे त्यांच्याशी कुठल्याही कर्मचाऱ्याने कामाबाहेर संबंध ठेवायचा नाही, भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, हा नियम पुन्हा वाचून दाखवला. आणि एक नवा नियम झाला. इथून पुढे प्रत्येक कॉल इंग्रजीतच सुरू होईल आणि इंग्रजीतच चालेल. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी दुभाष्याची लाइन जोडायची. ज्यांना येतं, त्यांच्याशी इंग्रजीच. तिन्ही कौन्सिलांनी हात वर केले. एकमताने झालेला त्यांचा हा पहिला ठराव.

बाहेर पायऱ्यांवर क्लोई भेटली. "थँक यू म्हणायला हवं मी तुला," ती म्हणाली. "पण मला जमत नाहीये, सॅली. सॉरी. ते मला सांगत होते आणि मी हसत होते." सॅली म्हणाली, की माझंही तसंच आहे. दोघी वेगवेगळ्या बसने गेल्या.

हळबेकाका आठ आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. सॅलीला त्यांना बघायला जाता येत नव्हतं. एका गुरुवारी सकाळी ती हॉस्पिटलच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत आली. त्यांना सांगायचं होतं ते तिने मनात इतक्या वेळा मराठीत जुळवलं की तोंडपाठ झालं. काका, तुमचा कॉल टेस्ट म्हणून टाकायला मीच शिकवलं होतं. तुम्हाला जे वाटतंय, की त्या पोरीला कळलं नाही, एवढंच नाही ते. पण ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून तिचं हे बोलणं मनातच राहिलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते घरी आले. जेरेमीने स्वतः जाऊन नवं बटण दिलं, नवा नियम समजावून सांगितला. त्याच रविवारी संध्याकाळी सहा वाजता सॅलीच्या स्क्रीनवर त्यांचं नाव आलं. उन्हाळ्यासाठी सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे गेली होती. खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड होता.

तिने कॉल घेतला. "हॅलो, मिस्टर हळबे, केअरलाइन," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही ठीक आहात ना?"

"सॅलीबाई!" खोक्यातून आवाज आला. पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच. "ओळखलंत ना? अहो, मी आलो घरी. चाकांची फ्रेम दिलीय, तिच्यामागे फिरतो घरभर. तुम्हाला फार त्रास झाला म्हणे माझ्यामुळे. मी शुक्रवारी दाबायला नको होतं."

हा माणूस तिची माफी मागत होता. एक वाक्य, फक्त एक, मराठीत म्हणायचं. काका, त्रास माझ्यामुळे झाला तुम्हाला. ओठांपर्यंत आलेलं होतं ते. जेरेमी काचेच्या पलीकडे फोनवर होता. कमिटी तीन महिन्यांनी भरणार होती. कुणाला कळलंही नसतं.

पण ती एक वाक्य बोलली असती तर उद्या ते चार बोलले असते, आणि परवा पुन्हा त्या खोक्याची भाषा मराठी झाली असती. खोक्याच्या या बाजूला कोण बसलंय हे पडलेल्या माणसाला कुठे कळतं? शुक्रवार तर दर आठवड्याला येणारच होता.

"मिस्टर हळबे," ती इंग्रजीत म्हणाली, "प्लीज, माझ्याशी इंग्रजीत बोला. तुम्ही पडला आहात का?"

त्यांच्या स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तेवढा ऐकू येत होता.

"नो," शेवटी ते म्हणाले. "आय हॅव नॉट फॉलन."

"छान. आता मला एक करून दाखवाल का? तुम्ही पडलात आणि बटण दाबलंत, तर काय म्हणाल? ते आत्ता एकदा म्हणा. इंग्रजीत."

"सॅलीबाई, हे काय—"

"प्लीज, मिस्टर हळबे."

तिचा आवाज कापला. त्यांनी तो ऐकला असावा, कारण पुढे ते हट्ट करत बसले नाहीत. घसा साफ केला. शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसे, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "आय हॅव फॉलन. आय नीड हेल्प."

"पुन्हा."

"आय हॅव फॉलन. आय नीड हेल्प."

शेजारच्या टेबलावर क्लोई हातातलं काम सोडून ऐकत होती. सॅलीला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. त्यांनी ते वाक्य तिसऱ्यांदा, न सांगताच म्हटलं, या वेळी अगदी हळू. आपण पडलोय आणि आपल्याला मदत हवी आहे, असं. सॅलीने "व्हेरी गुड, मिस्टर हळबे" म्हटलं आणि लाइन बंद केली.